फॅनी क्रॉस्बी : एका गीताचे दोन डॉलर

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात नगरला ओळखीच्या एका आजींच्या अंत्यविधीला गेले होते. चर्चमध्ये पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन होता. तो वाजवणाऱ्या गृहस्थांनी एक संथ चाल धरली आणि पहिली ओळ पुरी होण्याच्या आत मागच्या बाकांवरच्या बायका पुस्तक न उघडताच गाऊ लागल्या. शब्द मराठी होते, चाल मात्र उघडच परदेशी होती. बाहेर पडताना विचारले तेव्हा कळले की मूळ गीत फॅनी क्रॉस्बी या अमेरिकन बाईंचे, १८६८ सालचे आहे. तेव्हापासून या बाईंविषयी मिळेल ते वाचते आहे. त्यांची ओळख जिथे तिथे ‘अंध असूनही आठ हजारांवर भक्तिगीते लिहिणारी’ अशी करून दिलेली आढळते आणि त्यातल्या ‘असूनही’ या शब्दाशी माझे पटत नाही, म्हणून हा धागा.

फ्रान्सेस जेन क्रॉस्बी यांचा जन्म २४ मार्च १८२० रोजी न्यूयॉर्क राज्यातील पटनम परगण्यात, ब्रूस्टर गावाजवळ झाला. दीड महिन्याच्या असताना त्यांचे डोळे आले. स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या एका माणसाने मोहरीचे गरम पोटीस डोळ्यांवर बांधले आणि त्यातच दृष्टी गेली, असे घरच्यांनी कायम मानले. अंधत्व जन्मजात असावे, असे मत पुढच्या काळातील काही जाणकारांनी मांडले आहे. त्याच वर्षी वडील वारले. एकवीस वर्षांची आई मर्सी लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि पोर आजीच्या ओटीत आली. या युनिस आजीने नातीला पक्षी, फुले आणि मावळतीचे रंग शब्दांनी दाखवले आणि बायबल कानांनी पाठ करून घेतले. दहाव्या वर्षापासून आठवड्याला पाच अध्याय, असा तो नेम होता. पंधरावे लागले तेव्हा चारही शुभवर्तमाने, बायबलची पहिली पाच पुस्तके, नीतिसूत्रे आणि कितीतरी स्तोत्रे मुखोद्गत झाली होती. आपल्याकडे आजीच्या तोंडून हरिपाठ ऐकत वाढलेल्या मुलांना हे शिक्षण परके वाटू नये.

१८३५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या अंधशाळेत दाखल झाल्या आणि तेवीस वर्षे तिथेच राहिल्या, आधी विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर शिक्षिका म्हणून. कवितेमुळे मुलीच्या डोक्यात हवा जाईल या भीतीने अधीक्षकांनी एकदा त्यांना तीन महिने काव्यलेखनाची बंदी केली होती. ती मुदतीआधी उठली, पण उठली कशी ते पाहा. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे जॉर्ज कोंब नावाचे एक प्रसिद्ध गृहस्थ शाळा पाहायला आले, त्यांनी या मुलीचे डोके चाचपले आणि ‘ही कवयित्री आहे, हिला वाव द्या’ असा निर्वाळा दिला. विद्या साफ खोटी होती. निकाल मात्र बरोबर निघाला.

त्यांचा पहिला कवितासंग्रह १८४४ मध्ये निघाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत अंधांच्या शिक्षणाला सरकारी आधार मिळावा म्हणून शाळेच्या विद्यार्थ्यांसह त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि काँग्रेसच्या सभासदांपुढे त्यांनी आपली कविता म्हटली. १८४९ मध्ये न्यूयॉर्कात पटकीची साथ आली तेव्हा शहर सोडण्याची मुभा असूनही त्या शाळेत थांबून रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या. हे सारे भक्तिगीतांच्या बरेच आधीचे आहे, कारण पहिले भक्तिगीत त्यांनी लिहिले ते १८६४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

आता माझा मुद्दा मांडते. क्रॉस्बी यांचे गीतलेखन ही रोजची मजुरी होती, गीतामागे एक ते दोन डॉलर या दराने केलेली. आणि ज्याला समाजकार्य म्हणावे ते त्यांनी न्यूयॉर्कच्या बदनाम वस्त्यांत, दारुड्यांच्या शेजारी बाकावर बसून केले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर त्यांना समाजसुधारक म्हणावे असे मला वाटते. आपली मते वाचायला आवडतील.

पाटीपेन्सिल

धागा आवडला. अंध मुलांना बरीच वर्षे शिकवत असल्याने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

स्मरणशक्तीचे कौतुक करताना लोक तिला दैवी देणगी ठरवून मोकळे होतात, परंतु १८३०च्या दशकातील अंध मुलीपुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता. अमेरिकेतील शाळांत ब्रेल लिपी १८६० नंतर रुजू लागली. त्यापूर्वी साधी रोमन अक्षरेच कागदावर उठावदार छापून मुलांना बोटांनी ओळखायला लावत. ती पद्धत डोळसांच्या सोयीची होती. बोटांना त्या वळणांत काही चटकन लागत नसे. त्यातून क्रॉस्बी गिटार वाजवीत आणि तारांनी बोटांना घट्टे पडल्यामुळे ती अक्षरे आपल्याला नीट लागत नाहीत, असे त्याच सांगत. मला हे वाचून हसू आले, कारण तबला वाजवणारी माझी मुलेही नेमकी हीच सबब सांगतात.

त्यामुळे त्या मनात रचीत आणि मग कोणाला तरी सांगून लिहून घेत. एका वेळी चाळीसपर्यंत गीते मनात तयार ठेवून नंतर ती उतरवून देत, असे सांगतात. लेखनिक म्हणून समोर जो येईल तो चाले. १८५३ मध्ये शाळेत सोळा-सतरा वर्षांचा एक कारकून लागला होता, तो फावल्या वेळात त्यांच्या कविता उतरवून देई. तोच पुढे दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रोव्हर क्लीव्हलँड.

दुसरी गोष्ट अशी की त्यांच्या गीतांत पाहणे, उजेड, मुखदर्शन हे शब्द वारंवार येतात, आणि वाचणारे लगेच हळहळतात. माझ्या वर्गातील मुलेही ‘काल मॅच पाहिली’ असेच म्हणतात. तो रोजच्या भाषेचा वापर आहे, त्यात दरवेळी व्यथा शोधू नये.

स्वरलेखन

एक दुरुस्ती सुचवतो. क्रॉस्बी यांना काही ठिकाणी संगीतकार म्हटलेले दिसते. त्या पियानो, ऑर्गन, वीणेसारखे हार्प आणि गिटार वाजवीत हे खरे, पण त्यांच्या प्रसिद्ध गीतांच्या चाली जवळजवळ सर्व दुसऱ्यांच्या आहेत. त्या गीतकार होत्या, आणि त्याही पुष्कळदा आपल्या चित्रपटसृष्टीतल्या अर्थाने, म्हणजे आधी चाल आणि मग शब्द.

धाग्यात उल्लेखिलेले १८६८चे गीत म्हणजे बहुधा ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’. त्याची हकिकत अशी, की ३० एप्रिल १८६८ रोजी विल्यम डोन हे संगीतकार क्रॉस्बी यांच्याकडे आले. ते व्यवसायाने सिनसिनाटीचे कारखानदार होते आणि परतीच्या गाडीला त्यांच्या हाती चाळीसच मिनिटे होती. त्यांनी चाल वाजवली. ‘तुमची चाल काय म्हणते ते कळले मला,’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून क्रॉस्बी आतल्या खोलीत गेल्या आणि गाडीची वेळ व्हायच्या आत पूर्ण गीत सांगून मोकळ्या झाल्या.

यातला कारागिरीचा भाग पाहण्यासारखा आहे. चालीत सात आणि सहा उच्चारांच्या ओळी आलटून पालटून येतात. ‘सेफ-इन-द-आर्म्स-ऑफ-जी-झस’ हे सात, आणि पुढची ओळ सहा. मोठ्या अभंगात आपण सहा-सहा-सहा-चार अक्षरे मोजतो, तसाच हा हिशेब, फक्त इंग्रजीत अक्षरसंख्येबरोबर आघातही जागच्या जागी पडावा लागतो. पहिलाच शब्द सुरक्षिततेचा आणि त्याच्यावरच ठोका. घाईत बसलेली ओळ अशी बसत नाही. हजार ओळी आधी हाताखालून गेलेल्या असाव्या लागतात.

संगीतकार बाई हवी असेल तर फीबी नॅप यांचे नाव घ्यावे. त्यांचे यजमान एका मोठ्या विमा कंपनीचे अध्यक्ष होते आणि घरात भला मोठा ऑर्गन होता. १८७३ मध्ये त्यांनी क्रॉस्बी यांना एक नवी चाल ऐकवून ‘ही काय सांगते?’ असे विचारले, आणि ‘ब्लेसेड अशुरन्स’चे शब्द तिथल्या तिथे आले. दोघी बायका, एकीची चाल आणि दुसरीचे शब्द. त्या काळी छापील भक्तिगीतांच्या दुनियेत हे सर्रास घडत नव्हते.

चौकस

माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्नावर माझे मत वेगळे आहे.

समाजसुधारक हा शब्द आपण जोतिराव, सावित्रीबाई किंवा पंडिता रमाबाई यांच्यासाठी वापरतो. त्यांनी चालत आलेल्या व्यवस्थेला प्रश्न विचारले, शाळा काढल्या, आश्रम काढले आणि त्यापायी शेणमातीही झेलली. क्रॉस्बी यांनी कोणती संस्था स्थापन केली? बाउरी मिशन, वॉटर स्ट्रीट मिशन, क्रिमोर्न मिशन, डोअर ऑफ होप ही न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली धर्मादाय सेवाकेंद्रे सगळी इतरांनी सुरू केलेली होती आणि क्रॉस्बी तिथे पाहुण्या वक्त्या म्हणून जात. शिवाय या मिशनांचा सगळा भर एकेका माणसाने दारू सोडावी आणि देवाला शरण जावे यावर होता. कामगार दारूच्या गुत्त्यात का जातो, भाडेकरूंच्या अंधाऱ्या चाळी कोणाच्या मालकीच्या आहेत, हे त्यांनी कुठे विचारलेले दिसत नाही.

आणि दोन डॉलरचे म्हणाल, तर ही त्यांची पिळवणूकच होती. ‘रोझली, द प्रेअरी फ्लॉवर’ हे त्यांचे १८५५ मधले लौकिक गाणे घरोघरी गेले. त्याची कमाई संगीतकार जॉर्ज रूट यांच्याकडे गेली आणि शब्द लिहिणारीला किरकोळ बिदागी मिळाली. स्वतःवरच्या अन्यायाबद्दल जी चकार शब्द काढत नाही, तिला सुधारक कसे म्हणावे?

उंबरठा (धागाकर्ती)

चौकस, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांविषयी. १८६४ मध्ये भक्तिगीतांचे संगीतकार आणि प्रकाशक विल्यम ब्रॅडबरी यांनी त्यांना काम दिले. १८६८च्या जानेवारीत ते वारल्यावर त्यांचा व्यवसाय बिग्लो अँड मेन या नावाने पुढे चालला. तिथे दर आठवड्याला सुमारे तीन गीते पुरवायची बोली होती. त्यांनी लिहिलेली हजारो गीते त्या कचेरीत गेली आणि छापली गेली ती त्याहून बरीच कमी. एकाच पुस्तकात एकाच बाईची इतकी गीते बरी दिसत नाहीत म्हणून जवळजवळ दोनशे टोपणनावे वापरली गेली. काही ठिकाणी तर नावाच्या जागी नुसत्या फुल्या आणि चिन्हे आहेत. हिशेबाने पाहिले तर ही पिळवणूकच, आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्यांनी मोठ्या रकमेची मागणी केली नाही आणि जे मिळे त्यातले पुष्कळ वाटून टाकले, हेही त्यांच्या बाबतीत तितकेच खरे आहे. हितचिंतकांना त्यांची काळजी वाटे आणि काहींना रागही येई.

आता वस्तीविषयी. त्या पाहुण्या म्हणून जात, हे मला पटत नाही. चांगल्या वस्तीत राहता येण्याजोग्या ओळखी असताना त्या वर्षानुवर्षे मॅनहॅटनच्या गरीब भागांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. बाउरी मिशन १८७९ मध्ये सुरू झाले आणि साधारण १८८१ पासून त्या तिथल्या झाल्या. परंतु त्याआधीची, १८६९च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ सांगते. मजुरांच्या सभेत बोलताना त्यांना राहून राहून वाटू लागले की आईपासून तुटलेला कोणीतरी मुलगा या खोलीत आहे. तसे त्यांनी बोलून दाखवले. सभा संपल्यावर अठराएक वर्षांचा एक मुलगा जवळ आला आणि ‘तुम्ही माझ्याविषयीच बोललात का? आईला शब्द दिला होता, तो मी पाळला नाही,’ असे म्हणाला. दोघांनी मिळून प्रार्थना केली. डोन यांनी ‘रेस्क्यू द पेरिशिंग’ हा विषय आधीच देऊन ठेवला होता. घरी गेल्यावर त्याच रात्री ते गीत पुरे झाले. तीसेक वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी त्यांनी ही हकिकत सभेत सांगितली, तेव्हा एक मध्यमवयीन गृहस्थ येऊन ‘तो मुलगा मीच’ असे म्हणाले.

त्यांची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. माणसाला त्याचे पाप सांगू नये, ते त्याला आधीच ठाऊक असते. त्याला क्षमा आहे एवढे सांगावे, असे त्या म्हणत. दारूबंदीच्या चळवळीत बोट दाखवून बोलणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. अशा काळात वास मारणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याचा हात हातात घेणारी साठीची बाई ही वेगळी गोष्ट होती.

त्या गरिबीची कारणे विचारत नव्हत्या, हा आपला आक्षेप मात्र मी खोडू शकत नाही. त्यांची दृष्टी एका वेळी एका माणसापुरती होती. तरी गुलामगिरीच्या प्रश्नावर त्या गप्प नव्हत्या. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा उत्तरेच्या झेंड्याची लहानशी पिन छातीवर लावून त्या फिरत. एका भोजनगृहात दक्षिणेकडच्या एका बाईने त्या झेंड्याला घाणेरडे फडके म्हटले, तेव्हा ‘पुन्हा म्हणून दाखवा’ असे म्हणत या ताडकन उभ्या राहिल्या आणि मालकाला मध्ये पडावे लागले. देखण्या गालिच्यावरच्या सौम्य अंध आजीबाईंचे चित्र यात कुठे बसते?

जुनीवही

उत्तम चर्चा. मराठी धागेदोरे थोडे जोडतो.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत हिंडत होत्या. फ्रान्सिस विलर्ड यांच्या ज्या दारूबंदी संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध आला, त्याच चळवळीसाठी क्रॉस्बीही गीते लिहीत. १९००च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. म्हणजे ज्या मिशनांबरोबर ही गीते आपल्याकडे आली, त्यांच्याबरोबरच अंधांची शाळाही आली.

गीते भाषांतरित करणे मात्र अवघड गेले. स्वरलेखन यांनी सांगितलेला आघात मराठीत नाही. इंग्रजी चालीचा ठोका मराठी शब्दाच्या भलत्याच अक्षरावर पडतो आणि मग ‘देवाचा’ हा शब्द ‘देवा’ आणि ‘चा’ असा तुटतो. ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चमधले गीतपुस्तक उघडून असली गीते म्हणून पाहिली की हे लगेच जाणवते. नारायण वामन टिळकांनी याच कारणाने अभंगाकडे आणि भजनाकडे मोर्चा वळवला. तरीही नगरच्या त्या आजींना शेवटचा निरोप द्यायला बायकांच्या ओठांवर भाषांतरितच चाल आली, याचा विचार करतो आहे. शंभर वर्षे एकाच दुःखाच्या वेळी म्हटली गेलेली चाल परकी राहत नसावी.

आणखी एक योगायोग. विदर्भातील गुलाबराव महाराजांची दृष्टी नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या दुखण्यात आणि चुकीच्या औषधाने गेली, आणि पुढे त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहून घेतले. ते १९१५ मध्ये गेले आणि क्रॉस्बीही १९१५ मध्येच. महाराजांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. त्या शब्दात ‘असूनही’ नाही, हे धागाकर्तीला आवडेल.

चौकस

गुलाबराव महाराजांचा उल्लेख अगदी समर्पक. माझा आक्षेप अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो. क्रॉस्बी यांच्या संसाराविषयी कोणी लिहील का? आठ हजार गीतांमध्ये घर कुठेच दिसत नाही.

उंबरठा (धागाकर्ती)

त्याविषयी त्या फार कमी बोलल्या आहेत. १८५८ मध्ये त्याच शाळेतले अंध संगीतशिक्षक अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन यांच्याशी लग्न झाले. लेखनासाठी माहेरचेच नाव ठेवावे, असा आग्रह नवऱ्याचा होता, हे त्या काळी विशेष. १८५९ मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात गेली. त्या बाळाविषयी क्रॉस्बी यांनी जवळजवळ आयुष्यभर मौन पाळले. १८८० नंतर नवराबायको वेगळे राहू लागले, पण भांडून नव्हे. १९०२ मध्ये व्हॅन अल्स्टाइन वारले. ‘सेफ इन द आर्म्स’ हे गीत त्या विशेषतः मूल गमावलेल्या आयांना म्हणून दाखवीत. चाळीस मिनिटांतली कारागिरी स्वरलेखन यांनी छान उलगडली; त्या चाळीस मिनिटांच्या मागे नऊ वर्षे उभी होती, असे मला वाटते. पुढे १८८५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या अंत्ययात्रेत वाद्यवृंदांनी हीच चाल वाजवली.

पाटीपेन्सिल

हे वाचून वर्गात कोणाला तरी ती चाल वाजवायला सांगावीशी वाटते आहे. शेवटच्या दिवसांविषयीही लिहा.

उंबरठा (धागाकर्ती)

१९०० मध्ये तब्येत खालावल्यावर त्या सावत्र बहिणीकडे कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टला राहायला गेल्या आणि १२ फेब्रुवारी १९१५ रोजी, पंचाण्णवावा वाढदिवस सव्वा महिन्यावर आला असताना, तिथेच वारल्या. आपल्यामागे मोठा दगड उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. पैसा गरजू म्हाताऱ्या माणसांच्या निवाऱ्याला लागावा, असे त्यांनी सांगून ठेवले होते आणि तसा निवारा १९२५ मध्ये ब्रिजपोर्टात उघडला. माउंटन ग्रोव्ह स्मशानभूमीत त्यांच्या डोक्याशी लहानसा दगड बसवला, त्यावर ‘आंट फॅनी’ एवढे नाव आणि ‘तिला जे करता आले ते तिने केले’ हे मार्काच्या शुभवर्तमानातले वचन होते. १९५५ मध्ये चाहत्यांनी शेजारी भलामोठा शिलालेख उभा केलाच, त्यावर ‘ब्लेसेड अशुरन्स’चे पहिले कडवे आहे. लहान दगड अजून जागेवर आहे.

चौकस, आपला अर्धा आक्षेप राहू द्या. तो मलाही पूर्ण सुटलेला नाही.